तिसरा उतारू

तीन दिवस! तीन दिवस तो पोरगा सकाळी दहाच्या ठोक्याला माझ्या दुकानात यायचा, मला कमरेत वाकून नमस्कार करायचा, कोपऱ्यातल्या जुन्या मशीनसमोर हात मागे बांधून उभा राहायचा, आणि एक नाणं आत टाकेल तर शपथ. गेम सेंटर म्हणजे काय मत्स्यालय आहे, काचेतून मासे बघायला? नुसता बघायचा. मधेच पेन्सिलीने काहीतरी लिहायचा. पुन्हा बघायचा. संध्याकाळी पाचला पुन्हा वाकून नमस्कार, "आज फार त्रास दिला" म्हणायचा आणि निघून जायचा. त्रास दिला असता तर बरं वाटलं असतं हो! निदान खेळून तरी दिला असता.

ही गोष्ट माझी नात मियोरी एक सांगते आणि तो पोरगा, ओगिनो, दुसरीच सांगतो. दोघंही महत्त्वाचं तेवढं गाळतात. म्हणून मी लिहायला बसलेय. मी किनुए तोरिगोए, वय चौऱ्याहत्तर. शाळा नववीत सुटली, मग सूतगिरणी, मग लग्न, मग हे दुकान. आमागासाकीच्या छपराच्या बाजारगल्लीत, एका बाजूला खाटीक आणि दुसऱ्या बाजूला छत्र्या दुरुस्त करणारा, मधे आम्ही. अक्षर माझं वाकडं आहे, पण डोळे सरळ आहेत.

तर पहिला दिवस. ऑक्टोबरचा पाऊस छपरावर वाटाणे सांडल्यासारखा वाजत होता. मियोरी मशीनच्या मागे पोटावर पडली होती. सव्वीस वर्षांची पोर, पण हातात कायम वायरी जोडायची तापती डागणी, दातात टॉर्च. दुकानातली सगळी मशीनं तीच दुरुस्त करते. हा पोरगा आला, कुठल्याशा पाटीवरचा आकडा वाचायला मशीनच्या मागे वाकला, आणि त्याच क्षणी ती बाहेर आली.

ठक्क!

कपाळं अशी आपटली की गल्ल्यापाशी बसलेल्या मला ऐकू आलं. मियोरीच्या तोंडात टॉर्च, तिला "आई गं"सुद्धा म्हणता येईना.

"माफ करा... मला वाटलं, मागे कुणी नसेल," तो म्हणाला.

तिने टॉर्च काढली. "मग वायरी आपोआप हलत होत्या का?"

"मला वाटलं... मांजर असेल."

"मांजर! मांजर डाग लावतं का?"

"नाही, पण..." तो लाल झाला. "तुमच्या गालावर काळं लागलंय."

"असू दे. कामाचं आहे." तिने त्याच्या शर्टाच्या पांढऱ्याशुभ्र कॉलरकडे बघितलं. "तुमच्याकडे कुठे दिसत नाही ते."

तो हसला. मी बघितलं. आणि मियोरीने हसू फुटू नये म्हणून टॉर्च पुन्हा दातात धरली, तेही मी बघितलं.

क्योतोला खेळांचं एक संग्रहालय निघालं होतं, तिथला तो माणूस. जुन्या खेळांमधले 'अभिजात' कोणते, त्याची यादी करायचं काम त्याच्याकडे. अभिजात हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"काळावर टिकलेला, आजी."

"मग मला पण घे यादीत."

"तुम्हाला फॉर्म भरावा लागेल," तो म्हणाला. तोंड अगदी गंभीर. बरं, अगदीच मुकं नव्हतं म्हणायचं पात्र.

आता त्या मशीनबद्दल सांगते. ओबोरोबुने, म्हणजे धुक्यातली होडी. गल्लीतले सगळे नुसतं 'होडी' म्हणतात. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या मालकांनी घेतलं. ज्या कंपनीने बनवलं ती दोन वर्षांत बुडाली. एक दांडी, एक बटण. तुम्ही नावाडी. अलीकडच्या काठावर उतारू हाका मारतात, त्यांना नदीपार न्यायचं. ओंडके येतात, भोवरे येतात. एक उतारू घेतलात तर होडी हलकी, दोन घेतलेत तर बरी, तीन घेतलेत तर गुण भरपूर, पण होडी म्हैस होते. तिसरा घ्या असं कुणीही सांगत नाही. तो नुसता काठावर उभा राहून हात हलवतो. आणि लोक घेतात! चाळीस वर्षं घेतात आणि चाळीस वर्षं बुडतात.

दोघांनीही खेळता येतं. एकाने वल्हवायचं, दुसऱ्याने कंदील धरायचा. पुढेपुढे धुकं इतकं दाटतं की दहाव्या फेरीत कंदिलाशिवाय जाणं अशक्यच. पण कंदील धरायला कुणाला आवडतं? सगळ्यांना नावाडीच व्हायचं असतं. दुसरी दांडी गंजली होती. मियोरीने दोन वर्षांपूर्वी ती सोडवून, तेल घालून लोण्यासारखी केली. तिच्यासमोर बसायला कुणी आलं नाही.

आणि आता मुख्य गोष्ट. मशीनची पिक्चर ट्यूब मरायला टेकली होती. लाल रंग जात चालला होता. लाल म्हणजेच कंदील. असल्या ट्यूबा आता कुठेच बनत नाहीत. संग्रहालयाकडे मोजक्या सहा होत्या, आणि यादीत आलेल्या मशीनलाच त्या मिळणार होत्या, मग मशीन कुठेही असो. सोमवारी समिती बसणार, यादी ठरणार. म्हणजे होडी जगणार की आंधळी होणार, ते त्या न खेळणाऱ्या पोराच्या पेन्सिलीवर! मियोरीने मला बजावलं होतं, "आजी, त्याच्याशी गोड बोल." मी म्हटलं, माझ्या मशीनला कुणाच्या दाखल्याची गरज नाही. गोड बोलायचं असेल तर तू बोल.

ती तरी कुठे गोड बोलत होती!

"काय लिहिलंत?" तिसऱ्या दिवशी पाच वाजायला आले तेव्हा तिने त्याच्या खांद्यावरून डोकावत विचारलं.

त्याने कागद छातीशी धरला. "गुप्त आहे."

"आमच्याच मशीनबद्दल आमच्यापासून गुप्त?"

"तीन प्रश्न आहेत." शेवटी त्याने कागद वळवला. "असा खेळ हा पहिलाच होता का? नाही. किती मशीनं खपली? फार थोडी. पुढे कुणी याची नक्कल केली? कुणीच नाही."

"म्हणजे शून्य, शून्य, शून्य."

"...हो."

"आणि खेळायला कसा आहे, हा प्रश्न कुठे आहे?"

"तो फॉर्ममध्ये नाही."

"अहो ओगिनोसान, म्हणजे जेवण कसं झालंय ते सोडून ताट कुठल्या कारखान्यातलं ते विचारताय की! तुम्ही खेळलात का कधी?"

"घरी. कॉम्प्युटरवर. दहा तास." तो जरा ताठ झाला. "नवव्या फेरीपर्यंत गेलो."

"मेलात किती वेळा?"

"मेलो की... जिथे मेलो त्याच्या आधीच्या क्षणापासून पुन्हा सुरू करता येतं. घरी तशी सोय आहे."

मियोरी दोन्ही हात कमरेवर ठेवून हसत सुटली. "मग तुम्ही मेलातच नाही! आणि मेला नाहीत तर जगलात कधी? टाका नाणं."

"परीक्षकाने खेळू नये असा..."

"नियम आहे? दाखवा."

त्याने कागदाची घडी घातली. पाऊस वाजत होता. मग हळूच, मला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला — पण माझे कान अजून ठणठणीत आहेत — "माझ्या मागे कुणी उभं असलं ना... की माझे हात थिजतात. लहानपणापासून. गेम सेंटरमध्ये कुणी ना कुणी मागे उभं असतंच."

मियोरीचं हसू थांबलं. तिने इकडे तिकडे बघितलं. मग त्याच्यासाठी स्टूल ओढलं, आणि त्याच्या मागे न थांबता मशीनच्या बाजूला, जमिनीवर मांडी घालून बसली. "आता मागे कुणी नाही. मी खालीच आहे. मांजर समजा."

अखेर पडलं बाई नाणं! चाळीस वर्षं तो आवाज ऐकतेय, पण त्या दिवशी जरा वेगळाच लागला.

पहिली फेरी गेली. दुसऱ्या फेरीला होडीत दोन उतारू होते, तिसरा काठावरून हात हलवत होता. मी गल्ल्यावरून बघत होते. घेतो का... घेतो का... घेतला! आणि अर्ध्या नदीत ओंडका आला, होडी वळेचना, आणि गुडूप.

 ओगिनोने तळहात कपाळावर मारला. "माझीच हाव!"

मी गल्ला सोडून उठले. चाळीस वर्षांत शंभर वेळा बघितलेली गोष्ट, पण कुणी विचारली नव्हती म्हणून सांगितली नव्हती.

"ए पोरा. इकडे ऐक. माझ्या दुकानात सत्तर मशीनं येऊन गेली. झगमगती, गाणारी, खुर्ची हलवणारी. काही मशीनवर माणूस हरला की मशीनला लाथ मारतो. फसवलं म्हणतो. ती मशीनं वर्षभरात विकावी लागतात. या होडीवर माणूस हरला की काय करतो? आत्ता तू काय केलंस?"

त्याने कपाळावरचा हात काढून हाताकडे बघितलं. जणू दुसऱ्याच कुणाचा हात असावा.

"चाळीस वर्षांत या मशीनला एक लाथ नाही बसली. बघ खाली, पत्रा बघ. पोचा दाखव मला. दाखवलास तर दुकान तुझ्या नावावर."

तो खरंच खाली वाकून बघायला लागला! मियोरी तिथेच बसली होती. दोघांची डोकी पुन्हा अगदी जवळ... या वेळी आपटली नाहीत. आपटली नाहीत म्हणूनच मला काळजी वाटली.

चौथ्या दिवशी पेन्सिल खिशातच राहिली. तिने त्याला डागणी कशी धरायची ते शिकवलं. "घट्ट नाही. चॉपस्टिक्स धरता तशी. तुम्ही चॉपस्टिक्स अशा धरता?" "आई पण हेच म्हणते." "आई शहाणी दिसते." खाटकाकडचे गरम कोरोक्के, म्हणजे बटाट्याचे कटलेट, कागदातून आले, एकच जास्त आला, आणि तो एक दोघं अर्धा तास एकमेकांना देत राहिली. शेवटी थंड झाल्यावर मी खाल्ला. टॅक्सीवरून निवृत्त झालेला मुनेयोशी, होडीवरचा आमचा सगळ्यात जुना खेळाडू, माझ्या कानाशी लागला, "मालकीणबाई, मशीन यादीत जातंय की पोरगी?"

"तू खेळ," मी म्हटलं.

आणि शुक्रवारी घात झाला.

आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे की होडी बंद करायची नाही. असली जुनी मशीनं गुण लक्षात ठेवतात ती वीज असेपर्यंत. बटण बंद केलं की दहाच्या दहा नावं पुसली. म्हणून नवीन वर्षाच्या सुट्टीतही ती चालूच असते. त्या दिवशी पडद्यावर, मागे गल्लीची वीज गेली होती तेव्हापासूनची, अकरा महिन्यांची यादी होती. नुसती नावं नव्हेत हो, तीन-तीन अक्षरांत अख्खी गल्ली होती. आणि ओगिनो तिचाच फोटो समितीसमोर ठेवणार होता. शून्य, शून्य, शून्यच्या खाली एवढाच एक पुरावा, की बाबांनो, लोक अजून खेळतात. "शेवटच्या दिवशी काढतो, तोवर अजून कुणाचं नाव चढेल," म्हणत थांबला होता.

मियोरी कोरोक्के आणायला गेली होती. मी मागे भांडी विसळत होते. ओगिनोला आतल्या पाटीचा नंबर हवा होता. संग्रहालयाच्या माणसाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं, मागचं दार उघडण्याआधी वीज बंद करायची. हात आपोआप गेला. शिकलेल्या माणसाचा हात!

टिक्.

मी बाहेर आले तेव्हा पडदा काळा होता आणि तो मशीनसमोर मेणाच्या पुतळ्यासारखा उभा. आणि दारात मियोरी, हातात वाफाळता कागद.

"...बंद केलंस?" ती म्हणाली. अहोजाहो कुठल्या कुठे गेलं होतं. असं जायला नको होतं.

मी वाट बघत होते की आता म्हणेल, नियमच आहे तसा. म्हणेल, मला कुणी सांगितलं नव्हतं. दोन्ही खरं होतं. मी तर ओठ उघडून उत्तर तयार ठेवलं होतं.

"माझी चूक," तो म्हणाला. तेवढंच.

"जा," मियोरी म्हणाली. "प्लीज... आत्ता जा."

तो गेला. छत्री विसरून गेला. रात्री जेवताना मियोरीने भातात काडी फिरवत विचारलं, "आजी, तो परत येईल?"

"छत्रीसाठी?"

"छत्रीसाठीच गं," ती म्हणाली, आणि वाडगा उचलून तोंड झाकलं.

शनिवारी मी शटर अर्धं वर केलं तर खाली दोन ओले बूट. "आजी," शटरखालून आवाज आला, "तुमच्या वह्या वाचू का?"

आमच्याकडे दोरीला बांधलेली एक वही असते. येणारे-जाणारे तिच्यात लिहितात. कुणी गुण, कुणी शिव्या, कुणी 'आज तिसरा घेतला, मी गाढव'. एक भरली की दुसरी. त्रेसष्ट वह्या होत्या. दुपारपर्यंत त्याने सगळ्या चाळल्या. यादीतली दहाच्या दहा नावं कुणाची ते शोधलं, मुनेयोशीला धरलं, आणि दोघं पावसात दारोदार निघाले. न्हावी, दाईकाम करणारी ताकाएबाई, पूल ओलांडून शाळेचे निवृत्त मास्तर... प्रत्येकाच्या दारात वाकून एकच वाक्य, "तुमचं नाव मी पुसलं. उद्या येऊन पुन्हा लिहाल का?" मुनेयोशी म्हणाला, मालकीणबाई, पोरगा इतक्यांदा वाकला की मला वाटलं तसाच राहतो.

आणि रविवारी आले की सगळे! दुकानात पाय ठेवायला जागा नाही. आमच्याकडे रीत आहे, हरलात की उठायचं आणि रांगेत सगळ्यात मागे जाऊन उभं राहायचं. लागोपाठ दुसरं नाणं टाकणाऱ्याला गल्ली माफ करत नाही. तर दिवसभर माणसं बुडत होती, कपाळाला हात लावत होती, मागे जात होती, पुन्हा येत होती. न्हाव्याने गिऱ्हाईक अर्धं भादरून सोडलं होतं, ते गिऱ्हाईकही त्याच्यासोबत आलेलं! "घेऊ नको, घेऊ नको!" "घेतला मेल्याने!" आरडाओरडा असा की खाटीक सुरी हातात घेऊन बघायला आला. चार वाजेपर्यंत नऊ नावं चढली. दहावी एक बाई, ती होक्काइदोला राहायला गेलेली. एक जागा मोकळी.

"कोण बसतंय?" मुनेयोशी ओरडला.

मियोरी पुढे झाली. शुक्रवारपासून ती ओगिनोशी एक शब्द बोलली नव्हती. तिने पहिल्या दांडीसमोर बैठक मारली, आणि पायाने दुसरं स्टूल सरकवलं.

"कंदील कोण धरणार?" पडद्याकडे बघतच ती म्हणाली.

कुणी हललं नाही. सगळ्यांना कळलं होतं, फक्त ज्याला कळायला हवं तो भिंतीला चिकटून उभा.

"ओगिनोसान," ती म्हणाली, "मी किती वेळ वाट बघू?"

"मागे... वीस माणसं आहेत," त्याचा आवाज बारीक झाला.

"माझ्या बाजूला कुणीच नाही."

तो आला. बसला. हात दांडीवर ठेवला तर दांडी वाजायला लागली. मियोरीने आपलं कोपर हळूच त्याच्या कोपराला टेकवलं, आणि तिथेच ठेवलं. दांडी वाजायची थांबली.

पहिली फेरी. दुसरी. तिसरी. वीस माणसांनी श्वास रोखलेला. सातव्या फेरीला धुकं दाटलं, आणि लाल रंग तर जवळजवळ गेलेला. कंदील म्हणजे नुसती तपकिरी पुसट.

"दिसत नाहीये," मियोरी कुजबुजली.

"मला पाठ आहे. घरी दहा तास... डावीकडून ओंडका. आता. आता सरळ. भोवरा... थांब... जा!"

"थांब की जा?"

"थांबून जा!"

आठवी! नववी! मुनेयोशी माझ्या खांद्याला असा धरून उभा की मला निळं पडलं. दहावी फेरी. चाळीस वर्षांत या दुकानात दहावी फेरी मी दोनदा बघितली होती. धुकं, धुकं, पांढरंशुभ्र धुकं. दोन उतारू होडीत. आणि काठावर तिसरा, हात हलवतोय.

"घेऊ?" मियोरीने विचारलं.

"दहावी मला पाठ नाही."

"ते नाही विचारलं. घेऊ का?"

ओगिनोने पहिल्यांदा पडद्यावरची नजर काढून तिच्याकडे बघितलं. "...घे."

घेतला. बुडाले. अख्खं दुकान "आऽऽ" करून ओरडलं, आणि दोघांचे हात एकाच वेळी आपापल्या कपाळावर.

"माझी चूक, मी घे म्हणालो."

"माझी. मी विचारलं."

"तुझी कशी? कंदील माझ्याकडे होता!"

"भांडा नंतर!" मुनेयोशी कळवळला. "नाव लिहा, वेळ संपतोय!"

तिसरा नंबर होता त्यांचा. जागा तीन अक्षरांची. मियोरीने 'मि' लावलं. ओगिनोने, त्याचं पाळण्यातलं नाव कानामे, 'का' लावलं. तिसरं अक्षर कुणाचं? दोघं एकमेकांकडे बघत बसली, आकडा उतरतोय, पाच, चार, तीन... चाळीस वर्षांत मी माझ्याच मशीनच्या दांडीला फडक्याशिवाय हात लावला नव्हता. दोघांच्या मधून हात घातला आणि 'कि' दाबलं. किनुएचं. कुणीतरी शहाणं होडीत नको का!

फोटो काढला. तो छत्री घेऊन निघाला. दारात थांबला.

"मियोरीसान, यादीत नाव आलं नाही तरी... मी पुन्हा येऊ का? काम नसताना?"

"काम नसताना कशाला यायचं?"

"कंदील..." तो छत्रीची मूठ पिळत होता. "कंदील धरायला. तुझा. म्हणजे... मला तू आवडतेस."

मियोरी, जिच्या तोंडाला गल्ली घाबरते, ती काय म्हणाली माहीत आहे? "शेवटची गाडी चुकेल," म्हणाली. संध्याकाळचे साडेपाच वाजले होते!

सोमवार गेला. मंगळवारी दुपारी तो आला, छातीशी एवढं मोठं खोकं, लहान मूल धरावं तसं. शून्य, शून्य, शून्यवर समितीने नकारार्थी मान हलवली होती म्हणे. मग त्याने फॉर्मवर स्वतःच्या हाताने चौथी ओळ आखली — हरल्यावर माणूस काय करतो? — आणि फोटो ठेवला. दोन तास वाद झाला. शेवटी अध्यक्ष, ऐंशी वर्षांचा म्हातारा, फोटो डोळ्यांजवळ नेऊन, यादीच्या कोपऱ्यात हात हलवणाऱ्या उतारूवर बोट ठेवून म्हणाला, "हा काठावरचा तिसरा... आमच्या गावच्या दुकानात मी याला घ्यायचो." आणि कपाळाला हात लावला.

"मिळाली?" मियोरीने विचारलं.

"ही काय," तो म्हणाला, आणि खोकं पुढे केलं. मग चेहरा उतरला. "पण बसवायची तर मशीन... बंद करावं लागेल. सगळी नावं पुन्हा..."

गल्लीतले नेहमीचे आठदहा जण जमले होते.  रविवारची यादी पडद्यावर तेवत होती. तिसऱ्या नंबरवर आम्ही तिघं. मियोरीने दोरीची वही ओढली आणि दहाच्या दहा नावं आपल्या हाताने उतरून घेतली. मग ओगिनोचा हात धरला, मशीनच्या मागच्या बटणावर ठेवला, आणि त्यावर आपला.

"तू बंद कर," ती म्हणाली. "आपण पुन्हा लिहू."

टिक्.

ट्यूब बसवायला तीन तास लागले. दोघांच्या गालावर काळं. पांढरी कॉलर आता कधी पांढरी होणार नाही. वीज आली, पडदा धुरकटला, मग उजळला... आणि बाई गं, तो कंदील! लालभडक! इतकी वर्षं आम्ही काय बघत होतो कुणास ठाऊक. ताकाएबाईने टाळ्या वाजवल्या. मुनेयोशीने नाक शिंकरलं आणि सर्दीवर ढकललं.

कुणी न सांगता ओगिनोने खिशातून नाणं काढलं. स्वतः टाकलं. मागे सगळी गल्ली उभी, आणि हात अगदी स्थिर. दोघं बसली, कोपराला कोपर. तिसऱ्याच फेरीत, कंदील लख्ख दिसत असताना, तिच्याकडे बघण्याच्या नादात त्याने तो भलतीकडे धरला आणि होडी ओंडक्यावर. तळहात कपाळावर. "माझी चूक!"

"रविवारी तू काहीतरी म्हणालास," मियोरी पडद्याकडे बघत म्हणाली. कान कंदिलाइतके लाल. "त्याचं उत्तर हो आहे."

तो उठेचना. तीही उठेना. दोघं नुसती बसून राहिली, रिकाम्या नदीकडे बघत, आणि मागे रांग वाढत चाललेली. मग त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. विचारत काहीच नव्हता, पण विचारत होता. मी गल्ल्यावरून उठले, मशीनपाशी गेले, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं:

"ओगिनो, तीन दिवस फुकट उभा राहिलास, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण हरलास की मशीनला लाथ मारत नाहीस, पोरीला बोल लावत नाहीस, स्वतःच्या कपाळाला हात लावतोस. टिकशील तू. आता उठा दोघं, मागे माणसं उभी आहेत."